स्टेल्थ बोट सगळ्यांना दिसते, पाणसुरुंग कुणालाच दिसत नाही

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तीन बोटी एकदम नौदलात आल्या, नीलगिरी, सुरत आणि वागशीर पाणबुडी. त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून टीव्ही चालू होता आणि नीलगिरीबद्दल एकच पालुपद चाललं होतं, रडारला न दिसणारी बोट, शत्रूला चकवणारी बोट, वरून दाखव, बाजूने दाखव, परत वरून दाखव. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "न दिसणारी आहे तर मग एवढी दाखवतायत कशाला?" टोमणा नव्हता तो, तिला खरंच प्रश्न पडला होता. मी हसून सोडून दिलं, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. माझं म्हणणं असंय की आपल्याकडे जे दाखवता येतं त्याला पैसा आणि कौतुक दोन्ही मिळतं, जे दाखवता येत नाही ते वीस वीस वर्षं फायलीत पडून राहतं, आणि समुद्रात नेमकं त्याच दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवाचून गाडी अडते.

आधीच सांगतो, मी या बोटींच्या विरोधात नाहीये. उलट जरा जास्तच बाजूचा असेन. लहानपण घोडपदेवच्या चाळीत गेलं, मामा गोदीत वेल्डर होते, डॉकयार्ड रोड स्टेशन म्हणजे आमच्यासाठी घराचं अंगण. मामा नेहमी म्हणायचे की बोट पाण्यात सोडली, नारळ फुटला, फोटो निघाले की लोकांना वाटतं झाली बोट, पण तेव्हा ती अर्धी पण झालेली नसते, नुसतं भांडं असतं, आत केबल नाही पाईप नाही काही नाही. नीलगिरी बघा ना, पाण्यात उतरली सप्टेंबर २०१९ मध्ये आणि नौदलात आली जानेवारी २०२५ ला, म्हणजे मधली सव्वापाच वर्षं हीच खरी बोट बांधण्याची, आणि त्या सव्वापाच वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

तर हा प्रोजेक्ट १७ अल्फा. एकूण सात फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ बोटी, चार आपल्या माझगाव डॉकमध्ये, तीन कोलकात्याला गार्डन रीचमध्ये. नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी, महेंद्रगिरी. सगळी डोंगरांची नावं. १४९ मीटर लांब, वजन ६६०० टनाच्या वर, आठ ब्राह्मोस, हवेतून येणारा हल्ला पाडणारी बत्तीस बराक क्षेपणास्त्रं, पुढे ७६ मिलिमीटरची तोफ. सातही बोटींचा मिळून खर्च साधारण ४५ हजार कोटी, म्हणजे एक बोट साडेसहा हजार कोटींच्या आसपास. मुंबईचा कोस्टल रोड १४ हजार कोटींच्या घरात गेला, म्हणजे दोन बोटी म्हणजे एक कोस्टल रोड असा हिशोब धरा.

आता स्टेल्थ म्हणजे नक्की काय ते जरा बघू, कारण सगळा घोळ या शब्दाने केलाय. गल्लीत क्रिकेट खेळताना रबरी बॉल भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात जोरात बसला की तो फिरून मारणाऱ्याकडेच येतो, हे सगळ्यांनी बघितलंय. रडारच्या लहरींचं तेच. जुन्या बोटींवर असे काटकोनी कोपरे शेकड्याने असायचे, केबिनच्या भिंती सरळ उभ्या, डेकवर पेट्या, शिड्या, होड्या टांगलेल्या, सगळं उघड्यावर, मग लहर जिथे लागेल तिथून परत. नीलगिरीच्या भिंती बघा, कुठेच सरळ उभ्या नाहीत, सगळ्या तिरक्या, कोकणातल्या घराच्या छपरावरून पाणी जसं भलतीकडे ओघळून जातं तशी लहर भलतीकडे जाते. बारकंसारकं सामान आत झाकलेलं. धुराड्यातून निघणारा धूर थंड करून सोडायचा म्हणजे उष्णतेवर येणारं क्षेपणास्त्र फसावं, इंजिनाखाली रबराचे ठोकळे म्हणजे पाणबुडीला आवाज कमी जावा. १९८२ ला फॉकलंडच्या लढाईत एका एक्झोसेट क्षेपणास्त्राने ब्रिटनची शेफील्ड ही युद्धनौका खलास केली तेव्हापासून जगभरातल्या नौदलांनी हे फार मनावर घेतलं, फ्रान्सची ला फायेत नव्वदीच्या दशकात आली आणि मग सगळ्यांच्याच बोटी तशा गुळगुळीत दिसायला लागल्या. आपल्याकडे शिवालिक २०१० मध्ये आली, ती आपण इथे बांधलेली पहिली स्टेल्थ फ्रिगेट, ती पण माझगावचीच.

पण न दिसणारी वगैरे काही नसतं हो. १४९ मीटरचं लोखंड आहे ते. रडारचं गणित असं आहे की बोटीवरून परत जाणारी लहर सोळा पट कमी केली तर ती दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. सोळा पटीने कष्ट, दोन पटीने फायदा. मग एवढं करायचं कशाला? तर खरा फायदा लपण्यात नाहीच, फसवण्यात आहे. बोट रडारवर लहान दिसली की तिने हवेत उडवलेलं खोटं निशाण जास्त मोठं, जास्त खरं वाटतं, आणि येणारं क्षेपणास्त्र तिकडे वळण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून येणाऱ्या अस्त्राला, फसवणारी एक सिस्टीम आहे तिचं नाव मारीच ठेवलंय. मला हे नाव ज्याने सुचवलं त्याचं फार कौतुक वाटतं, अख्खी सिस्टीम एका शब्दात समजावून टाकली, सोन्याचं हरीण पुढे पळतंय आणि बाण तिकडे. तर स्टेल्थ हा मारीचाला मदत करणारा गुण आहे, अदृश्य होण्याचा मंत्र नाही. आणि बोटीने स्वतःचं मोठं रडार चालू केलं की विषयच संपला, अंधारात टॉर्च लावून लपल्यासारखं.

अमेरिकेचा झुमवॉल्ट नावाचा डिस्ट्रॉयर, म्हणजे फ्रिगेटपेक्षा मोठी लढाऊ बोट, या बाबतीत सगळ्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. १८६ मीटरची, जवळपास १६ हजार टनाची बोट, आकार असा की कुणाला तरंगता पिरॅमिड वाटावा. २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ट्रायल घेत होती तेव्हा तिथल्या एका लॉबस्टर पकडणाऱ्या कोळ्याच्या रडारवर ती चाळीस पन्नास फुटाच्या मासेमारी बोटीएवढी दिसली, पेपरात बातमी आली होती. म्हणजे स्टेल्थ अगदी पहिल्या नंबरचं. आणि गंमत म्हणजे धुक्यात आणि गर्दीच्या पाण्यात दुसऱ्या बोटी येऊन आपटू नयेत म्हणून तिच्यावर मुद्दाम रडारला दिसणारे रिफ्लेक्टर लावायची वेळ आली. पुढची गोष्ट अजून भारी. अशा ३२ बोटी बांधायच्या होत्या, खर्च इतका वाढला की तीनवर थांबले. बोटी कमी झाल्या म्हणून तिच्या खास तोफेचे गोळे कमी लागणार, कमी लागणार म्हणून एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली, मग गोळेच रद्द केले, म्हणजे तोफ आहे पण गोळा नाही, आणि आता ती तोफ काढून तिथे हायपरसॉनिक क्षेपणास्त्रं बसवणं चाललंय. बोट रडारवर दिसत नव्हती, दारूगोळ्याच्या कोठारात पण काही दिसत नव्हतं.

आपण त्या खड्ड्यात पडलो नाही याचं श्रेय नौदलाच्या डिझाईनवाल्यांना द्यायला हवं. नीलगिरी ही काही आकाशातून पडलेली नवी कल्पना नाही, शिवालिकचीच पुढची आवृत्ती आहे, जे जमलं ते ठेवलं, जे नडलं ते बदललं. उदयगिरी ही नौदलाच्या स्वतःच्या डिझाईन ब्युरोने काढलेली शंभरावी बोट. बोटीचं लोखंड आपलं, सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यातलं, आणि त्याचीही एक गोष्ट आहे, विक्रांतच्या वेळी रशियाकडून स्टील वेळेत येईना म्हणून डीआरडीओ आणि सेलने मिळून इथेच तयार केलं, तेव्हापासून तो प्रश्न मिटला. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ब्राह्मोसचा पण नाही आणि रडारचा पण नाही. तो आहे ९३ आणि ८१. नीलगिरीला ९३ महिने लागले, त्याच गोदीत तारागिरीला ८१. बारा महिने वाचले, कशामुळे, तर तेच काम तेच लोक परत करत होते. ज्याने एकदा पोळ्या लाटल्यात त्याला माहिती असतं की दहावी पोळी पहिल्यापेक्षा गोल येते.

पण आपण काय करतो, हात बसला की लाटणं काढून घेतो. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री या तीन बोटी २०१० ते २०१२ मध्ये आल्या आणि त्यानंतर ही जात इथे परत नौदलात यायला २०२५ उजाडलं. मधे माझगाव डॉक काही रिकामा नव्हता, डिस्ट्रॉयर केल्या, पाणबुड्या केल्या, ते मान्य. पण फ्रिगेटची साखळी तुटली ती तुटलीच. आता सातवी महेंद्रगिरी मार्गी लागतेय आणि पुढच्या क्लासची चर्चा चालू आहे, आणखी मोठी, आणखी आधुनिक, आणखी सगळं काही. मला विचाराल तर हीच बोट अजून चार बांधा, थोडे बदल करून. कुणी म्हणेल जुनं डिझाईन. अहो पहिली बोट येऊन किती दिवस झालेत, पेंट वाळतोय अजून.

आता त्या ७५ टक्के स्वदेशीबद्दल. आकडा चांगलाच आहे, दोनशेच्या वर छोट्या मोठ्या कंपन्यांना काम मिळालं हे पण खरं. पण उरलेले २५ टक्के कुठले ते विचारा. गॅस टर्बाइन अमेरिकन डिझाईनचं, बंगळुरूला एचएएलमध्ये जोडलेलं. डिझेल इंजिन जर्मन कंपनीचं. मोठं रडार मुळात इस्रायलचं. म्हणजे घर आपलं, भिंती आपल्या, आणि चूल शेजाऱ्याकडून आणलेली, त्याने एक दिवस नाही म्हटलं की जेवायचं काय. हे उगाच घाबरवायला बोलत नाहीये. तुशील आणि तमाल या दोन बोटी आपण रशियाकडून बांधून घेतल्या, त्या पण स्टेल्थच म्हणवतात. त्यांचं इंजिन युक्रेनचं. २०१४ नंतर युक्रेन रशियाला इंजिन देईना, मग आपण युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियाच्या गोदीला नेऊन दिली. दोन देश एकमेकांवर बॉम्ब टाकतायत आणि आपली बोट दोघांच्या मधे अर्धवट उभी. शेवटी आल्या बोटी, एक डिसेंबर २०२४ ला आणि दुसरी जुलै २०२५ ला, पण नशीब म्हणायचं. तर एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी आली होती, पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सला ६ मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन डिझाईन करून बनवायचं काम संरक्षण मंत्रालयाने दिलंय, प्रोटोटाइपचा खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के सरकार देणार. २७० कोटी! एका नीलगिरीच्या पंचविसाव्या हिश्शात पूर्ण इंजिनाचं डिझाईन. ही बातमी किती जणांना माहिती आहे? आमच्या पुण्याच्या नातेवाईकांना पण नव्हती, आणि त्यातला एक जण मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

बरं, आता मुख्य विषयाकडे येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

पाणसुरुंग. समुद्रात टाकायचा सुरुंग. त्याला रडार नसतं, त्यामुळे तुमची भिंत तिरकी आहे का सरळ याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तो तळाशी पडून असतो किंवा दोरखंडाला बांधलेला पाण्यात लोंबकळत असतो, वरून लोखंड गेलं, चुंबकत्व बदललं, आवाज आला, दाब बदलला की फुटतो. किंमत म्हणाल तर काही हजार डॉलरपासून. १९८८ मध्ये अमेरिकेची सॅम्युअल बी रॉबर्ट्स ही फ्रिगेट इराणच्या असल्याच एका साध्या सुरुंगावर गेली, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या डिझाईनचा सुरुंग, बोटीचा तळ फाटला, दुरुस्तीला नऊ कोटी डॉलरच्या आसपास लागले. १९९१ च्या आखाती युद्धात फेब्रुवारीच्या १८ तारखेला एकाच दिवशी काही तासांच्या अंतराने दोन अमेरिकन बोटी सुरुंगाने निकामी झाल्या, त्यातली प्रिन्स्टन म्हणजे तेव्हाची सगळ्यात आधुनिक रडारवाली क्रूझर. आणि कोरियात १९५० ला वोन्सानच्या बंदराबाहेर अख्खं आरमार आठवडाभर ताटकळत उभं होतं, कारण पाण्यात तीन हजारच्या वर सुरुंग पेरलेले आणि ते काढणाऱ्या बोटी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या.

आता आपल्याकडे ते काढणाऱ्या बोटी किती आहेत? शून्य. हो, शून्य. सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या बारा माईनस्वीपर होत्या, त्या एक एक करून म्हाताऱ्या झाल्या आणि शेवटची कोझिकोड एप्रिल २०१९ मध्ये रिटायर झाली. नवीन घ्यायची प्रक्रिया २००५ पासून चालू आहे. गोव्याला वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीने ३२ हजार कोटींत बारा बोटी बांधायचं ठरत आलं होतं, गोव्याने त्यासाठी नव्या सोयी उभ्या करायला घेतल्या, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि २०१८ ला सगळं बारगळलं. आज त्याच गोवा शिपयार्डमध्ये काय बांधलं जातंय माहितीये? दोन स्टेल्थ फ्रिगेट, त्रिपुट आणि तवस्या. चांगलंच आहे, वास्कोच्या पोरांना काम मिळतंय, पण विरोधाभास बघा ना राव.

आणि हे लांब कुठे नाही, आपल्या दारातलं आहे. मुंबई बंदर आणि जेएनपीटी दोन्हीकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा मुख्य चॅनल एकच, खोदून खोल केलेला. देशातल्या मोठ्या बंदरांमधून जे कंटेनर येतात जातात त्यातले साधारण निम्मे जेएनपीटीतून. मुंबईतली वेस्टर्न फ्लीटची बोट पण त्याच पाण्यातून बाहेर पडते. त्या चॅनलमध्ये खरे चार सुरुंग टाकायची पण गरज नाही, टाकलेत अशी नुसती अफवा आली तरी इन्शुरन्सवाले दुसऱ्या दिवशी रेट वाढवतील, कॅप्टन लोक आत यायला नाही म्हणतील, आणि साडेसहा हजार कोटींची न दिसणारी बोट डॉकयार्डच्या धक्क्याला बांधलेली सगळ्यांना दिसत राहील. तात्पुरता उपाय म्हणून दुसऱ्या बोटीवर सुरुंग शोधायची उपकरणं लावता येतात, पाणबुडे आहेत, पण ते म्हणजे विहिरीतला गाळ लोट्याने काढण्यासारखं.

लगेच कुणीतरी म्हणणार, अहो जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली की, बारा बोटी, ४४ हजार कोटी. दिली. पण ती काय मंजुरी आहे ते समजून घ्या. संरक्षण खरेदी परिषदेने गरज मान्य केली. म्हणजे लग्नाच्या भाषेत साखरपुडा पण नाही, पत्रिका जुळली एवढंच. त्यानंतर टेंडर, मग वाटाघाटी, मग करार, मग पहिलं लोखंड, म्हणजे लोखंड पण नाही, या बोटी फायबरच्या किंवा चुंबकाला न लागणाऱ्या मटेरियलच्या करतात, ते काम वेगळंच, त्याला वेगळे कारागीर लागतात. नीलगिरीसारखी ओळखीची बोट करायला ९३ महिने लागले तर ही अनोळखी कधी येईल तुम्हीच बोटं मोजा. २००५ पासून धरलं तर परत गरज मान्य करण्यापर्यंत यायलाच वीस वर्षं.

आणि हे एकच उदाहरण नाहीये. त्याच जानेवारीत नीलगिरीबरोबर जी वागशीर पाणबुडी आली ती त्या क्लासची सहावी. सहाच्या सहा आल्या, आणि त्यांच्यासाठी घ्यायचे नवीन जड टॉर्पेडो अजून आले नव्हते, आधीचा सौदा रद्द झालेला, जुन्या टॉर्पेडोवर काम भागवणं चालू. नवीन टॉर्पेडो या पाणबुड्यांवर बसवायचा करार झाला ३० डिसेंबर २०२४ ला, ८७७ कोटींचा, म्हणजे सहावी पाणबुडी यायच्या पंधरा दिवस आधी. पहिली कलवरी तर २०१७ लाच आली होती. टॉर्पेडोचा फोटो चांगला येत नाही ना.

दुसरं एक जरा जास्तच खटकतं. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या किती बोटी शत्रूच्या रडारवर दिसल्यामुळे गेल्या? एक पण नाही. मग कशाने गेल्या नाहीतर आडव्या झाल्या? २०११ ला जुनी विंध्यगिरी मुंबई बंदरातच एका कंटेनर जहाजाला धडकली, आग लागली, दुसऱ्या दिवशी धक्क्याला बुडाली. २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईच्या डॉकयार्डमध्ये स्फोटाने, १८ जण गेले. २०१६ ला बेतवा सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली, दोन नौसैनिक गेले. २०२४ च्या जुलैमध्ये ब्रह्मपुत्राला दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि ती एका कुशीवर झोपली, त्यात एक नौसैनिक गेला. सगळ्या मुंबईत, सगळ्या लायन गेटच्या, म्हणजे नौदल गोदीच्या दाराच्या, आत नाहीतर आसपास. मी नौदलाला दोष देण्यासाठी हे उगाळत नाहीये, दाटीवाटीची जुनी गोदी, बोटी वाढतायत, जागा तेवढीच, माणसं थकलेली, हे होणारच. पण मग फायर सिस्टीम, नवीन सुकी गोदी, दुरुस्तीची माणसं, ट्रेनिंग, यावरचा खर्च हा बोटीच्याच किमतीत धरायला नको का? नव्या विंध्यगिरीला जुनीचं नाव दिलंय. छान वाटतं. जुनी कशी बुडाली ते पण तिच्या क्रूला पहिल्याच दिवशी सांगत असतील अशी आशा आहे.

आंग्र्यांचं नाव घेतल्याशिवाय मराठीत आरमारावर लेख होत नाही तर घेऊन टाकतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. कान्होजींची गलबतं लहान, उथळ, खाडीत शिरणारी, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि आजकाल तर त्याला पण स्टेल्थ म्हणायची फॅशन आलीय. पण विजयदुर्गाजवळ गिर्ये गावाच्या बाजूला वाघोटनच्या खाडीत खडक खोदून केलेली गोदी आहे, ती कुणी बघायला जात नाही. गलबत किनाऱ्याला आलं, तळ खरवडला, फळी बदलली, परत पाण्यात, हे ज्याला पटकन जमतं त्याच्या दहा बोटी दुसऱ्याच्या वीस बोटींना भारी पडतात. आणि ते आरमार संपलं कसं? १७५६ ला विजयदुर्गाच्या आत नांगरलेलं असताना आग लागून, एका दिवसात. भर समुद्रात नाही.

आता चीनचं काय, पाकिस्तानचं काय, हा प्रश्न येणारच आणि तो खोटा नाही. चीनकडे ३७० च्या वर युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत असं अमेरिकेचाच रिपोर्ट म्हणतो, पाकिस्तानला २०२१ ते २०२३ मध्ये चीनने चार नव्या फ्रिगेट दिल्यात. म्हणून तर म्हणतो, आहे तीच बोट परत परत बांधा, संख्या त्याने वाढते. आणि शांततेच्या काळात नौदलाचं रोजचं काम तर दिसण्याचंच आहे. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने सोमाली चाच्यांनी पळवलेलं रुएन हे जहाज चाळीस तासांच्या ऑपरेशननंतर सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ चाचे पकडून मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. तिथे चाच्यांना आपली बोट दिसली म्हणून काम झालं, नसती दिसली तर काय उपयोग. ती पण माझगावचीच बोट बरं का. त्याच सुमारास तांबड्या समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांचे स्वस्तातले ड्रोन पाडायला मोठ्या नौदलांनी लाखो डॉलरची क्षेपणास्त्रं उडवली, आणि शेवटी इटली फ्रान्सवाल्यांनी काही ड्रोन साध्या ७६ मिलिमीटरच्या तोफेने पाडले. ती तोफ नीलगिरीवर पण आहे, हरिद्वारला बनते. बराक बत्तीसच आहेत, संपले की भर समुद्रात भरता येत नाहीत, बंदरात परत यावं लागतं. तोफेचे गोळे किती बनतात, वर्षाला किती, कुठल्या कारखान्यात, युद्ध महिनाभर चाललं तर पुरतील का, हे संसदेत कुणी विचारताना मी तरी ऐकलं नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पुढच्या स्टेल्थ क्लासचा करार होईल तेव्हा त्याच्या बाजूला त्याच पानावर माईनस्वीपरचा करार असावा, नाहीतर पहिला पण थांबवा. उलटं करून बघा ना एकदा, आधी सुरुंग काढणारी ढब्बी बोट, मग चकाचक फ्रिगेट. आणि दर वर्षी नौदलाने किती बोटी आल्या हे सांगताना किती बोटी दारूगोळ्यासकट, टॉर्पेडोसकट, हेलिकॉप्टरसकट पूर्ण तयार आल्या हे पण सांगावं, गुप्त ठेवायचं असेल तर संसदेच्या समितीला बंद दाराआड सांगावं, पण कुणीतरी विचारावं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने जाताना डावीउजवीकडे सगळं दिसतं, कंटेनरची जहाजं, तेलाची जहाजं, कोळ्यांच्या होड्या, मधेच नौदलाची एखादी करडी बोट. मागच्या खेपेला आई बरोबर होती. तशीच एक करडी, तिरक्या भिंतींची बोट अगदी जवळून गेली, सगळे मोबाईल काढून रेलिंगला धावले. आई बाकावरच बसून राहिली आणि म्हणाली, "ही दिसली बाबा. आता ती सुरुंगवाली कुठेय ते दाखव."